नवा ऑनलाइन फॅन्टसी गेम पहिल्या तासात भारी वाटतो, मग नंतर काय होतं?

परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यात वालूर नावाचं गाव आहे. इथली गोल बारव आता बरीच प्रसिद्ध झाली आहे. तिच्या पायऱ्या सरळ खाली जात नाहीत, भिंतीच्या कडेने वळत वळत पाण्यापर्यंत उतरतात. काही वर्षांपूर्वी मात्र गाळ, झुडपं आणि कचरा यात ती हरवून गेली होती. २०२१ च्या सुमारास गावकऱ्यांनी श्रमदान करून ती साफ केली आणि मग लोक लांबून बघायला यायला लागले. वरून डोकावणाऱ्याला आधी जो नुसता उकिरडा वाटला असता, त्याच्या खाली एवढं काम होतं.

आता याच वालूरमधला कॉलेजला जाणारा एखादा मुलगा डोळ्यांसमोर आणा. मित्राने लिंक पाठवली, नवा ऑनलाइन फॅन्टसी गेम आलाय, फुकट आहे, ग्राफिक्स खतरनाक आहेत. त्याने तो रात्री डाउनलोड केला, तासभर खेळला आणि सगळ्यांना सांगितलं, "एक नंबर गेम आहे."

बारवेच्या बाबतीत पहिली नजर वाईट होती आणि आत सोनं होतं. गेमच्या बाबतीत बऱ्याचदा उलटं होतं. पहिला तास सोन्याचा असतो आणि खरा हिशोब खाली असतो. काही वेळा मात्र गेमसुद्धा वालूरच्या बारवेसारखा निघतो. असं का होतं, आणि नव्या गेमबद्दल मत बनवायचं तर कशावरून, हे समजून घेऊया.

आधी एक गोंधळ दूर करूया : कोणता 'फॅन्टसी गेम'?

आपल्याकडे 'फॅन्टसी गेम' म्हटलं की घरातल्या मोठ्यांच्या कपाळावर आठी येते. त्यालाही कारण आहे. गेली काही वर्षं हा शब्द ड्रीम इलेव्हनसारख्या ॲपमुळे कानावर पडला. त्यात खऱ्या क्रिकेटपटूंची कागदावरची टीम बनवायची, पैसे लावायचे आणि मॅचमधल्या त्या खेळाडूंच्या कामगिरीवर पैसे जिंकायचे किंवा हरायचे. रमीची ॲप त्याच रांगेतली. यात घरं बुडाल्याच्या बातम्या आल्या.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २१ ऑगस्टला राज्यसभेची मंजुरी मिळाली आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या आशेवर चालणाऱ्या गेमवर या कायद्याने बंदी घातली. ड्रीम इलेव्हननेही आपल्या पैशांच्या स्पर्धा थांबवल्या.

हा लेख ज्या गेमबद्दल आहे तो प्रकार पूर्ण वेगळा. त्याला रोल प्लेइंग गेम म्हणतात. इथे 'फॅन्टसी' म्हणजे अद्भुत जग. राक्षस, जादू, तलवारी, उडते प्राणी, पडके किल्ले. 'चांदोबा' वाचून मोठी झालेली पिढी हे लगेच ओळखेल. खेळणारा त्या जगातलं एक पात्र घेतो, त्याला नाव देतो, लढाया करतो, वस्तू गोळा करतो आणि पात्राची ताकद हळूहळू वाढवतो. ऑनलाइन म्हणजे त्याच जगात त्याच वेळी हजारो खरी माणसंही वावरत असतात.

यात हरल्यावर पैसे जात नाहीत आणि जिंकल्यावर मिळत नाहीत. म्हणजे हा जुगार नाही. पण म्हणून यात खिशाला हात लागत नाही असंही नाही. तो भाग पुढे येतोच.

हा प्रकार आला कुठून?

याचं मूळ कॉम्प्युटरमध्ये नाही, टेबलावर आहे. १९७४ मध्ये अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ आला. मित्रांनी टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं आणि फासे टाकून निकाल ठरवायचा.

१९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठातल्या रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने 'मड' नावाचा गेम लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल याने तो पुढे नेला. त्यात एकही चित्र नव्हतं. पडद्यावर फक्त मजकूर यायचा आणि खेळणारा 'उत्तरेकडे जा' अशा आज्ञा टाइप करायचा. पण एकाच जगात एकाच वेळी अनेक माणसं, ही कल्पना तिथे पक्की झाली.

पुढे १९९७ मध्ये 'अल्टिमा ऑनलाइन', १९९९ मध्ये 'एव्हरक्वेस्ट' आणि २००४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आजही चालू आहे. म्हणजे त्याच्या पहिल्या दिवशी जन्मलेलं मूल आता वीस वर्षांच्या पुढे आहे.

या वयातच पुढच्या सगळ्या प्रश्नाची किल्ली आहे.

पुस्तक आणि आठवडी बाजार

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने २०२० मध्ये 'राजी : ॲन एन्शंट एपिक' नावाचा गेम आणला. भारतीय पुराणकथांवर बेतलेल्या या गेममध्ये राजी नावाची मुलगी राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघते. हा गेम एकट्याने खेळायचा आहे आणि पाच-सहा तासांत संपतो. त्यामुळे त्याच्याबद्दल मत बनवणं सोपं आहे. पहिलं पान उघडलं, शेवटचं मिटलं, पुस्तक कसं वाटलं ते सांगितलं.

ऑनलाइन रोल प्लेइंग गेम हा आठवडी बाजारासारखा असतो. बाजार चांगला की वाईट हे पाट्या आणि मंडप बघून कळत नाही. किती लोक येतात, भाव कसा लागतो, वजनात फसवतात का, पुढच्या आठवड्यात तीच दुकानं परत लागतात का, यावर ते ठरतं. आणि हे बघायला चार-पाच बाजार तरी करावे लागतात.

गेम लाँच झाला त्या दिवशी पहिलं मत देणारा माणूस बाजाराच्या कमानीबद्दल बोलत असतो. कमान सुंदर असेल, नाही असं नाही. पण बाजार आत आहे.

पहिल्या तासात नेमकं काय दिसतं?

या प्रकारातल्या बहुतेक गेमचा पहिला तास साधारण एकाच वळणाने जातो.

आधी पात्र बनवायचं. चेहरा, केस, उंची, कपडे. इथेच पंधरा मिनिटं जातात आणि खेळणाऱ्याला पात्र 'आपलं' वाटायला लागतं. मग एक मोठा प्रसंग येतो, जहाज बुडतं, गाव जळतं किंवा कुणी जवळचं हरवतं. मग छोट्या लढाया येतात आणि त्या मुद्दाम सोप्या ठेवलेल्या असतात. दर चार-पाच मिनिटांनी काहीतरी बक्षीस मिळतं. लेव्हल वाढली, तलवार मिळाली, नाणी मिळाली. शेवटी एक टेकडी चढली की समोर अख्खं जग पसरलेलं दिसतं.

हा तास गेममधला सगळ्यात घासून पुसून तयार केलेला भाग असतो. कारण साधं आहे. दहा लोकांनी गेम उतरवला तर दहाही जण पहिला तास बघणार, शंभरावा तास मात्र एखादाच बघेल. साहजिकच कंपनी आपलं उत्तम सामान दर्शनी भागात मांडते. किराणा दुकानदारही तेच करतो.

या तासात तीन गोष्टी सहसा दिसत नाहीत. एक म्हणजे गेम पुढे किती रटाळ होतो. दोन, पैसे कुठे मागतो. तीन, इतर माणसं कशी वागतात.

आता दोन खरे गेम बघूया. एकाची सुरुवात जोरदार झाली, दुसऱ्याची लाजिरवाणी. दोघांचं पुढे काय झालं ते महत्त्वाचं आहे.

न्यू वर्ल्ड : दारात रांगा लागलेला गेम

ॲमेझॉनने २८ सप्टेंबर २०२१ ला 'न्यू वर्ल्ड' हा ऑनलाइन गेम आणला. एटर्नम नावाचं बेट, बुडालेलं जहाज, किनाऱ्यावर वाहून आलेला खेळाडू, अशी सुरुवात. जंगलात झाड तोडताना कुऱ्हाडीचा आवाज कसा घुमतो याचंही कौतुक झालं. दर महिन्याची वर्गणी नव्हती, एकदाच विकत घ्यायचा.

पहिल्याच आठवड्यात स्टीम या दुकानावर एकाच वेळी खेळणाऱ्यांचा आकडा नऊ लाखांच्या पुढे गेला. पण गेमचे सर्व्हर वेगवेगळे होते आणि एका सर्व्हरवर सुरुवातीला साधारण दोन हजार लोकच मावायचे. त्यामुळे लोक तासन् तास रांगेत थांबले. तेव्हाच्या पहिल्या प्रतिक्रिया बघितल्या तर दोनच सूर सापडतात : 'जग सुंदर आहे' आणि 'आत जाता येत नाही'.

खरा प्रश्न दोन्हीत नव्हता. काही आठवड्यांत गेममधलं सोनं बनावट करता येतं, म्हणजे एका नाण्याची दोन नाणी करता येतात, अशी चूक उघड झाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनीला खेळाडूंमधले सगळे पैशांचे व्यवहारच तात्पुरते थांबवावे लागले. ज्या गेमचा जीव खेळाडूंच्या बाजारात होता त्याचा बाजारच बंद पडला. वरच्या लेव्हलला पोचलेल्यांना करण्यासारखं फारसं उरत नव्हतं, ही तक्रारही वाढली. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला एकाच वेळी खेळणारे एक लाखाच्या आसपास आले.

कंपनीने नंतर बरीच सुधारणा केली, पण ऑक्टोबर २०२५ मध्ये यापुढे नवीन काही आणणार नाही असं जाहीर केलं. चार वर्षांपूर्वी आत शिरायला रांगा होत्या, त्या गेमचा नवा मजकूर बंद झाला.

फायनल फॅन्टसी १४ : गाळातून वर आलेली बारव

दुसरी गोष्ट जपानची. स्क्वेअर एनिक्स या मोठ्या कंपनीने सप्टेंबर २०१० मध्ये 'फायनल फॅन्टसी १४' आणला आणि तो सपशेल आपटला. गेम अडखळत चालायचा, मेनू किचकट होते, एकाच नकाशाचे तुकडे पुन्हा पुन्हा जोडलेले दिसायचे. एक किस्सा तर प्रसिद्ध आहे. गेममधल्या एका साध्या फुलाच्या कुंडीवर चित्रांकनाचं एवढं काम केलं होतं, की ती कुंडी दाखवायला कॉम्प्युटरला एका अख्ख्या माणसाच्या पात्राइतके कष्ट पडायचे.

कंपनीने माफी मागितली, मासिक वर्गणी बराच काळ घेतली नाही आणि डिसेंबर २०१० मध्ये गेमची सूत्रं नाओकी योशिदा यांच्याकडे दिली. त्यांनी जुना गेम चालू ठेवून आतल्या आत नवा बांधायला घेतला. ११ नोव्हेंबर २०१२ ला जुने सर्व्हर बंद झाले. बंद करतानाही त्यांनी गोष्ट सांगितली. आकाशातला लाल चंद्र फुटला, त्यातून बाहामूत नावाचा महाकाय ड्रॅगन निघाला आणि त्याने जुनं जग जाळलं. ऑगस्ट २०१३ मध्ये 'अ रेल्म रीबॉर्न', म्हणजे पुन्हा जन्मलेलं राज्य, या नावाने नवा गेम आला.

डिसेंबर २०२१ मध्ये या गेमचा नवा भाग आला तेव्हा गर्दी इतकी झाली, की सर्व्हरवर ताण नको म्हणून कंपनीने काही काळ विक्रीच थांबवली. २०१० च्या पहिल्या आठवड्यात 'हा गेम संपला' म्हणणाऱ्यांचं त्या दिवसापुरतं खरंच होतं. पण कंपनी पुढे काय करणार हे त्यात दिसत नव्हतं.

दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की मुद्दा स्पष्ट होतो. ऑनलाइन गेमचं भवितव्य पहिल्या दिवसाच्या चित्रांवरून ठरत नाही. बिघाड झाल्यावर कंपनी किती प्रामाणिकपणे आणि किती काळ काम करते, त्यावर ते ठरतं.

फुकट गेमला पैसे येतात कुठून?

वरचे दोन्ही गेम मुख्यतः कॉम्प्युटर आणि कन्सोलवरचे, विकत घेण्याचे. पण वालूरसारख्या गावात गेम म्हणजे मोबाइल, आणि मोबाइलवर गेम म्हणजे फुकट. इथे सगळ्यात मोठं उदाहरण 'गेनशिन इम्पॅक्ट'चं. मीहोयो या चिनी कंपनीने तो २८ सप्टेंबर २०२० ला जगभर आणला.

याचा पहिला तास खरोखर सुंदर आहे. बहीण-भावाची ताटातूट होते, तेव्हात नावाच्या अनोळखी जगात खेळाडू एकटा उरतो, पायमॉन नावाची उडती छोटी सोबतीण मिळते. गवत वाऱ्याने हलतं, दिसेल तो डोंगर चढता येतो, थोड्या वेळाने पंख मिळतात आणि उंचावरून तरंगत खाली येता येतं. या सगळ्याला एक रुपयाही लागत नाही.

पैसे लागतात नवीन पात्रं हवी असतील तेव्हा. ती सरळ विकत मिळत नाहीत, सोडतीतून निघतात. जपानमध्ये नाणं टाकून खेळण्याची डबी काढायचं यंत्र असतं, त्याला गाचा म्हणतात. तीच पद्धत इथे आहे.

आकडे बघा. एका सोडतीला १६० प्रिमोजेम लागतात. सगळ्यात वरच्या, पाच ताऱ्यांच्या पात्राची एका सोडतीत निघण्याची शक्यता ०.६ टक्के सांगितलेली आहे, म्हणजे हजारात सहा. या दराने ५० सोडती काढल्या तरी शंभरातल्या साधारण ७४ जणांच्या हाती असं एकही पात्र लागणार नाही. ९० व्या सोडतीला ते हमखास मिळतं. पण ज्याची जाहिरात चालू आहे तेच मिळेल असं नाही, तिथेही पहिल्यांदा नशीब लागतं. अगदी वाईट नशीब असलेल्याला हवं ते पात्र मिळायला १८० सोडती, म्हणजे २८,८०० प्रिमोजेम लागू शकतात.

२८,८०० प्रिमोजेम म्हणजे किती रुपये? हे पटकन सांगता येत नाही, आणि तीच खरी अडचण आहे. रुपये देऊन एक प्रकारचे स्फटिक घ्यायचे, स्फटिकांचे प्रिमोजेम करायचे, प्रिमोजेमचं सोडतीचं तिकीट घ्यायचं. तीन वेळा चलन बदललं की मूळ रक्कम डोक्यातून निघून जाते. जत्रेत आधी कुपनं घ्यायला लावतात तेव्हा हेच होतं. हातातलं कुपन खर्च करताना नोट मोडल्यासारखं वाटत नाही.

अमेरिकेच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने, म्हणजे फेडरल ट्रेड कमिशनने, याच गोष्टीवर बोट ठेवलं. जानेवारी २०२५ मध्ये गेमची तिथली कंपनी दोन कोटी डॉलर दंड भरायला तयार झाली. सोळा वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या संमतीशिवाय अशा सोडती विकायच्या नाहीत, ही अटही तिला मान्य करावी लागली.

दुसरी युक्ती वेळेची. गेममध्ये बक्षिसं उघडायला 'रेझिन' नावाची ऊर्जा लागते आणि ती दर आठ मिनिटांना एक अशी भरत जाते. संपली की थांबा किंवा रत्नं खर्च करा. म्हणजे गेम एका बैठकीत संपत नाही, रोज थोडा थोडा बोलावत राहतो. पहिल्या तासात हे जाणवत नाही. आठवड्याभराने रोज ठरावीक वेळी फोन हातात घ्यायची सवय लागली की जाणवतं.

गावातून खेळायचं तर आधी काय आडवं येतं?

शहरातल्या यूट्यूबरचं पहिलं मत आणि गावातल्या खेळाडूचं पहिलं मत सारखं असूच शकत नाही, कारण दोघं एकच गेम वेगवेगळ्या रस्त्याने खेळत असतात.

पहिला अडथळा आकाराचा. असे मोठे गेम मोबाइलवर वीस जीबीच्या पुढे जातात. रोज दीड जीबी डेटाचं रिचार्ज असेल तर वीस जीबी उतरवायला तेरा-चौदा दिवसांचा सगळा डेटा लागेल. त्यात घरात बहिणीचा अभ्यास आणि वडिलांचे बाजारभाव त्याच फोनवर असतील, तर हा निर्णय एकट्याचा राहत नाही. शिवाय प्रत्येक मोठ्या अपडेटला पुन्हा काही जीबी लागतात.

दुसरा अडथळा अंतराचा. खेळाडूने बटण दाबलं की तो संदेश सर्व्हरपर्यंत जातो आणि उत्तर परत येतं. या येण्याजाण्याच्या वेळेला पिंग म्हणतात. समजा सर्व्हर सिंगापूरला आहे. मुंबईपासून ते सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन यायला निदान ४० मिलिसेकंद हवेतच. त्यात गावातला टॉवर, संध्याकाळची गर्दी आणि मधली वळणं मिळवली की आकडा सहज शंभराच्या वर जातो. 'मी तलवार आधी मारली होती' ही तक्रार बऱ्याचदा खरी असते. तलवार वालूरमध्ये आधी उठली, सर्व्हरवर मात्र उशिरा पोचली.

तिसरा अडथळा भाषेचा. रोल प्लेइंग गेम हा गोष्टीवर चालतो. पण गेनशिन इम्पॅक्टमध्ये मराठी तर नाहीच, हिंदीही नाही, आणि या प्रकारातल्या बहुतेक मोठ्या गेमची तीच कथा. त्यामुळे अनेक मुलं संवाद न वाचता पटापट पुढे ढकलतात आणि फक्त लढाई खेळतात. मग 'स्टोरी बोअर आहे' असं मत तयार होतं. ती बोअर होती की समजलीच नाही, हा प्रश्न राहतो.

आपल्याकडे गेम बनत नाहीत असं नाही. पुण्याच्याच सुपरगेमिंग कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये 'इंडस' हा भारतीय कल्पनाविश्वावरचा ऑनलाइन मोबाइल गेम आणला. पण तो शेवटपर्यंत टिकून राहण्याच्या लढाईचा गेम आहे, मोठ्या गोष्टीचा नाही. वर्षानुवर्षं चालणारं ऑनलाइन जग उभं करायला आणि रोज सांभाळायला लागणारा पैसा हेच त्यातलं मोठं कोडं आहे.

एक दिवस गेमच गायब झाला तर?

भारतीय खेळाडूंना हा प्रश्न नवा नाही. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पब्जी मोबाइल होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर गेला. पब्जीच्या जागी आलेला बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये दुकानातून काढला गेला आणि २०२३ मध्ये परत आला. प्रत्येक वेळी मुलांनी पैसे देऊन घेतलेले पोशाख आणि बंदुका अधांतरी राहिल्या.

ऑनलाइन गेममध्ये खेळाडू वस्तू विकत घेतो असं वाटतं. प्रत्यक्षात तो वापरण्याची परवानगी घेत असतो. वस्तू कंपनीच्या सर्व्हरवर असते. सर्व्हर बंद झाला की तलवारही गेली आणि तलवार मिळवायला घातलेल्या रात्रीही गेल्या. विकत घेतलेलं पुस्तक प्रकाशक बुडाला तरी कपाटात राहतं, तसं इथे होत नाही.

मग मत कधी आणि कशावरून बनवायचं?

नवा गेम खेळूच नये असा याचा अर्थ नाही. नवं जग पहिल्यांदा बघण्याची मजा खरी आहे आणि ती पुन्हा मिळत नाही. फक्त 'मजा आली' आणि 'गेम चांगला आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, एवढं लक्षात ठेवायचं. दुसरं वाक्य बोलण्याआधी काही गोष्टी तपासता येतात.

- दुकान आधी उघडून बघा. गेममधलं विक्रीचं पान पहिल्याच दिवशी नीट वाचा. किंमत रुपयात सरळ लिहिली आहे की दोन-तीन चलनं मध्ये आहेत? सोडत असेल तर शक्यतेचे आकडे कुठे दिले आहेत?
- पैशाने ताकद मिळते की फक्त कपडे? कपडे विकणारा गेम सगळ्यांना सारख्या पातळीवर ठेवतो. ताकद विकणाऱ्या गेममध्ये पुढे कधीतरी पैसेवाला जिंकणार हे ठरलेलं असतं.
- दहाव्या तासाला पुन्हा विचार करा. एकच काम वेगळ्या नावाने परत परत करतोय असं वाटतंय का? रोज उघडावासा वाटतोय की रोज उघडावा लागतोय?
- लोक कसे आहेत? नवख्याने चॅटमध्ये प्रश्न विचारला तर उत्तर येतं की शिवी? मुलगी असल्याचं कळल्यावर वागणं बदलतं का?
- बिघाडावर कंपनी काय म्हणते? पहिल्या महिन्यात चुका होतातच. त्या मान्य करून दुरुस्त होतात की फक्त नवे पोशाख येतात, ते बघा.

पालकांसाठी दोन कामं वेगळी. फोनवरच्या प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल असं करून ठेवा. आणि मुलाकडून चुकून खरेदी झालीच तर थांबू नका, गूगल प्लेकडे परतावा मागण्यासाठी पहिले ४८ तास सगळ्यात महत्त्वाचे असतात.

त्याहून सोपी गोष्ट म्हणजे मुलाशेजारी बसून त्याला गेम दाखवायला सांगणं. पात्राचं नाव काय ठेवलं, कुणाशी लढतोय, हे कोण बोलतंय, हे विचारायचं. "दिवसभर काय तो गेम" म्हणण्यापेक्षा यात जास्त कळतं. पैशांचं पान कुठे आहे हेही मुलगाच दाखवतो.

वालूरची बारव आतून काय आहे हे कुणाला काठावर उभं राहून कळलं नाही. त्यासाठी गाळ उपसावा लागला आणि पायऱ्या उतराव्या लागल्या. नव्या गेमच्या बाबतीत गाळ उपसायची गरज नाही. काठावरून दिसतं तेवढंच पाणी आहे असं समजून घाईने खिसा रिकामा केला नाही, तरी पुष्कळ झालं.